बालनाट्य महोत्सवातील विनोद: बांधीव संहिता की बतावणी?

कोल्हापुरात बालप्रेक्षकांसाठी महोत्सव आखताना विनोदाचे दोन पर्याय समोर येतात. लिखित बालनाट्यात हशाची जागा तालमीतच ठरते आणि संगीत तिला नेमकी साथ देते, मात्र पुढच्या रांगेतले पोर मध्येच "आरं, त्यो मागं लपलाय!" असे ओरडले, तर नटाला ते न ऐकल्यासारखे पुढे जावे लागते. तमाशातून आलेल्या बतावणीत, म्हणजे आयत्या वेळी खुलवल्या जाणाऱ्या विनोदी संवादांत, हीच आरोळी सोंगाड्या (विनोदी नट) झेलतो, मुद्दाम भलत्याच दिशेला शोधू लागतो, आणि मग सारे सभागृह बोटे दाखवून त्याला वाट सांगू लागते. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी मी बतावणीच निवडेन, अर्थात द्वयर्थी संवाद पूर्णपणे गाळून. मोठ्या मुलांना हळूहळू उलगडणारा विनोद पेलतो, त्यांना संहिता द्यावी.