मालवण जेट्टीजवळची खानावळ: महागली, तरी जातोच

नारळ महागला, तेल महागलं, 14.2 किलोचा सिलिंडर महिनाभर पुरत नाही, घरात रोज हाच विषय, तरी महिन्यातला एक रविवार पोरांना घेऊन मी इथे येतोच आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही. सुरमई थाळी आता 450 ला केलीय. पण तुकडी बोटाएवढी जाड, वरचा रवा कुरकुरीत आणि आत मासा ओलसर. सोलकढी खऱ्या नारळाच्या रसाची, पावडरची नाही, दुसरी वाटी पण हसून देतात! भाताची मूद मात्र लहान केलीय, ते अजिबात पटलं नाही, काउंटरवर सांगून आलो. जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात, तेव्हा बर्फातला मासा येतो, त्यावेळी सुरमई मागू नका.