डेटा सेंटरच्या गॅस जनरेटरसाठी रेग्युलेटर: स्प्रिंगचा की पायलटचा?

डेटा सेंटरची वीज नैसर्गिक वायूवर बनवायची ठरली की चर्चा इंजिनांच्याच भोवती फिरते आणि रेग्युलेटर, म्हणजे गॅसचा दाब उतरवून स्थिर ठेवणारा व्हॉल्व्ह, खरेदीच्या यादीत तळाशी जातो. माझ्या मते तो आधी ठरवावा. गॅसचा दाब डळमळला तर कितीही महागडं इंजिन बंद पडतं.

स्प्रिंगच्या रेग्युलेटरमध्ये डायफ्रॅमच्या (लवचिक पडद्याच्या) एका बाजूला स्प्रिंगचा जोर, दुसऱ्या बाजूला पुढच्या पाइपातला दाब. मध्ये काहीच नसल्याने तो चटकन हलतो. मात्र प्रवाह वाढला की दाब उतरतो, आणि ही घट 10 ते 20 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पायलटच्या प्रकारात एक छोटा रेग्युलेटर मोठ्याला हलवतो. घट साधारण 1 ते 3 टक्के, मोठा प्रवाहही आरामात पेलतो. पण प्रतिसाद जरा उशिरा येतो आणि पायलटची बारीक छिद्रं कचऱ्याने किंवा बर्फाने तुंबतात. चांगला फिल्टर बसवणार नसाल तर हा घेऊच नका. हीटरचाही विचार करा: दाबाच्या दर बारच्या (बार हे दाबाचं एकक) उतरणीमागे गॅस साधारण अर्धा अंश थंड होतो, म्हणजे 40 बारवरून 4 बारवर आणताना 18 अंश गेले.

खरी कसोटी लोड, म्हणजे विजेची मागणी, अचानक सुटतो तेव्हा लागते. ब्रेकर पडला, इंजिनाचा इंधन व्हॉल्व्ह क्षणात मिटला, पण रेग्युलेटर अजून उघडाच आहे. मधला पाइप आखूड असेल तर येणाऱ्या गॅसला जागा नसते, दाब चढतो आणि स्लॅम-शट, म्हणजे दाब मर्यादेबाहेर गेला की गॅस पूर्ण तोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह, खाडकन बंद होतो. तो आपणहून उघडत नाही, माणसाने जाऊन हाताने रीसेट करावा लागतो. त्याच लाइनवरची बाकीची धडधाकट इंजिनंही तोवर उपाशी, आणि यूपीएसची बॅटरी बहुतेक ठिकाणी काही मिनिटांचीच.

म्हणून इंजिनं असतील तर माझा कौल असा: गॅस आत येतो त्या मुख्य स्टेशनवर पायलटचा, प्रत्येक इंजिनापाशी स्प्रिंगचा, आणि दोन्हींच्या मधला पाइप ऐसपैस. टर्बाइनचं गणित वेगळं, त्यांना बहुधा 20 बारच्या वर दाब लागतो आणि प्रश्न दाब वाढवणाऱ्या कॉम्प्रेसरकडे सरकतो.

संरक्षणासाठी फक्त स्लॅम-शटवर विसंबू नका. त्याने यंत्रं वाचतात, वीज जाते. आधी मॉनिटर लावा, म्हणजे त्याच लाइनवर पहिल्याच्या मागेपुढे उघडा ठेवलेला दुसरा रेग्युलेटर. पहिला उघडा अडकला की तो दाब सांभाळतो आणि पुरवठा तुटत नाही. स्लॅम-शट शेवटचा पहारेकरी म्हणून असू द्या, मॉनिटरच्या सेटिंगपेक्षा पुरेसा वर. शिवाय समांतर दुसरी लाइन हवीच, किंचित कमी दाबावर सेट केलेली, म्हणजे पहिलीचा दाब पडला की ती आपोआप उघडते. जादा दाब बाहेर काढणारा मोठा रिलीफ व्हॉल्व्ह मला पटत नाही, तो मिथेन सरळ हवेत सोडतो.

पुरवठादाराकडून दोन आकडे लेखी घ्या: प्रवाह पूर्ण थांबल्यावर दाब किती चढून स्थिरावतो, आणि पूर्ण उघडा रेग्युलेटर मिटायला किती वेळ घेतो.