एसी आणि हीटिंगच्या कामाचा विमा: चौदा महिन्यांनंतर

माझा एसी आणि हीटिंग बसवायचा धंदा आहे. आमच्या कामामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारी ही पॉलिसी मी घेतली ती एका मोठ्या इमारतीच्या कामासाठी. विम्याचं प्रमाणपत्र आणि परवान्याची प्रत दाखवल्याशिवाय माझ्या माणसांना आत सोडणार नव्हते. तोवर विमा म्हणजे गाडीचा, एवढीच माझी समज. आता चौदा महिने झाले, एक क्लेमही होऊन गेला, त्यामुळे कागद सोडून अनुभवावरून लिहू शकतो.

पहिली अडचण अर्जातच आली. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात मी सरळ ‘गॅसचं काम’ लिहिलं. आपल्या धंद्यात गॅस भरणं म्हणजे रेफ्रिजरंट, म्हणजे एसीत थंडावा आणणारा वायू, भरणं. विमावाल्यांनी तो जळणाचा गॅस समजला आणि गॅस-बॉयलरचा परवाना मागितला. तो माझ्याकडे नाही, आणि ती कामं मी घेतही नाही. दुरुस्ती करून घेतली, पण त्याबरोबर पॉलिसीत एक ओळ आली: जळणाच्या गॅसवर चालणारी उपकरणं आणि त्यांची धुराडी यांवरचं काम वगळलेलं आहे. मला ती ओळ मान्य आहे. धुराडं नीट नसेल तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो, त्याला रंग नाही, वास नाही. ज्याच्याकडे परवाना नाही त्यानं त्याला हात लावू नये.

आता क्लेमबद्दल, कारण खरी परीक्षा तिथेच झाली. फॉल्स सीलिंगच्या वर लपवलेलं इनडोअर युनिट होतं. काम देऊन तीन महिने झाल्यावर ड्रेन पाईपचा, म्हणजे एसीचं पाणी बाहेर नेणाऱ्या पाईपचा, एक सांधा सुटला. दमट हवेत एक टनाचं मशीनसुद्धा तासाला लिटरभर पाणी काढतं, आणि हे मशीन रात्रभर चालू होतं. सकाळी सीलिंग खाली आलं होतं, लाकडी जमीन फुगली होती. ज्यांचं घर होतं त्या बाई माझ्यावर ओरडल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. ते मला जास्त लागलं.

नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आला. सीलिंग आणि जमिनीचा खर्च मिळाला, त्यातून माझ्या वाट्याची ठरलेली रक्कम वजा होऊन. ड्रेन पुन्हा टाकायचा खर्च मात्र मिळाला नाही. तुमच्या कामामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान विमा भरून देतो, तुमचं चुकलेलं काम तो दुरुस्त करून देत नाही. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

हे पैसे मिळाले ते ‘पूर्ण झालेल्या कामांचं संरक्षण’ घेतलं होतं म्हणून. एजंटनं आधी ते वगळून स्वस्तातली पॉलिसी पुढे केली होती. आपल्या कामात नुकसान बहुधा आपण शिडी उचलून गेल्यावरच होतं. गळती, गॅसच्या पाईपचा सांधा आवळणारा फ्लेअर नट सैल होणं, तापलेली वायर, सगळं नंतर. हे कलम नसेल तर ती पॉलिसी एसीवाल्याच्या कामाची नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट बारकाईनं बघा. माझ्या पॉलिसीत क्लेम ज्या वर्षी येतो, त्या वर्षी पॉलिसी चालू असावी लागते, आणि काम पॉलिसीत लिहिलेल्या मागच्या तारखेनंतरचं असावं लागतं. कंपनी बदलताना ती मागची तारीख पुढे सरकू दिली, तर जुनी सगळी कामं उघडी पडतात.

सर्व्हेअरनं ड्रेनमध्ये पाणी सोडून तपासल्याचे फोटो मागितले, ते होते. मग विचारलं, पाईप कुणी टाकला? बाहेरच्या पोटकंत्राटदारानं. त्याच्या विम्याचा कागद माझ्याकडे नव्हता आणि क्लेम तिथे पाच आठवडे अडकला. आता तो कागद फाइलला लावल्याशिवाय कुणाला कामावर घेत नाही.

परवान्याचंही तसंच. व्यवसायाचा परवाना फर्मच्या नावावर, पण रेफ्रिजरंट हाताळण्याचं प्रमाणपत्र माणसाच्या नावावर. माझा जुना टेक्निशियन सोडून गेला तेव्हा प्रमाणपत्रही त्याच्याबरोबर गेलं. दुसऱ्याची परीक्षा होईपर्यंत मी गॅसची कामं थांबवली, गिऱ्हाइकं गेली. नव्या रेफ्रिजरंटपैकी आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. न पेटणाऱ्या जुन्या आर-४१०ए च्या सवयीनं त्यांच्याजवळ ब्रेझिंगची, म्हणजे पाईप जोडायची, ज्योत पेटवणं हा जिवाशी खेळ आहे. ब्रेझिंगनंतर तासभर तिथेच थांबून आगीवर लक्ष ठेवायचं, ही पॉलिसीतली अट मुलांना जाचक वाटते. मला ती योग्य वाटते.

नाराजी दोन गोष्टींची आहे. रात्री उभ्या गाडीतून चोरीला गेलेली औजारं यात धरत नाहीत. व्हॅक्यूम पंप आणि जुना गॅस काढून घ्यायचं रिकव्हरी मशीन कायम गाडीतच असतात, त्यामुळे ते संरक्षण मला अर्धवट वाटतं. आणि हवेत सुटलेलं रेफ्रिजरंट प्रदूषण म्हणून वगळलंय, त्यासाठी जोडकलम वेगळं घ्यावं लागतं. नूतनीकरणात ते घेतलंय. औजारांचं कलम बदलून द्या म्हणून लेखी मागणी केली आहे, उत्तर अजून आलेलं नाही.