बदलत्या आयपीवर घरचा सर्व्हर: वर्षभर चालवल्यानंतर

निकाल आधीच सांगते. घरच्या इंटरनेटचा आयपी पत्ता (इंटरनेटवर आपलं घर ज्या आकड्याने सापडतं तो) सारखा बदलतो म्हणून घरी सर्व्हर चालवता येत नाही, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पत्ता बदलणं ही अर्ध्या तासात सुटणारी अडचण आहे. तो पत्ता मुळात आपला आहे का, हा खरा प्रश्न, आणि वर्षभरात माझा बहुतेक वेळ त्यातच गेला.

सांगलीत घरी रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक आहे (पुढे नुसतं 'पाय'), ४ जीबी रॅमचा, यूएसबीला एसएसडी जोडलेला. एसडी कार्डावर सर्व्हर चालवू नका. वीज जात-येत राहिली की कार्ड कधी ना कधी दगा देतंच. फोटोंसाठी इमिच, कागदपत्रांसाठी नेक्स्टक्लाउड, आणि बाबांच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेलं ध्वनिमुद्रण, एवढं त्यावर आहे. वापरणारे आम्ही घरचे, पुण्यातला भाऊ आणि इंदूरची मावशी. सगळं मिळून पाच-सहा वॅट, म्हणजे महिन्याला चारेक युनिट वीज.

कनेक्शन फायबरचं, पीपीपीओईने, म्हणजे राउटरने नाव-पासवर्ड देऊन, लॉगिन होणारं. लाइन तुटून पुन्हा जोडली गेली की नवा पत्ता मिळतो. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी इंटरनेटची यादी. त्यावर उपाय डायनॅमिक डीएनएस: नाव कायम, मागचा पत्ता बदलता. मी डकडीएनएस घेतलं. फुकट आहे, एका खात्यावर पाच नावं मिळतात. पायवर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम करणाऱ्या प्रोग्राममध्ये) एक ओळ टाकली की दर पाच मिनिटांनी तो आपला ताजा पत्ता कळवत राहतो. तरी शक्य असेल तर स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं स्वतःच्या मालकीचं नाव, घ्या आणि ते या नावाकडे वळवा. फुकट सेवा कायम फुकट राहीलच असं नाही. डिन या कंपनीने २०१४ मध्ये आपली फुकट डायनॅमिक डीएनएस सेवा बंद केली, तेव्हा कितीतरी लोकांना घाईघाईने नावं बदलावी लागली. स्वतःचं डोमेन असलं की एक नोंद बदलून काम भागतं.

राउटरवर एकच पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं नंबरचं दार, उघडलं आहे, वायरगार्डचं, यूडीपी ५१८२०. वायरगार्ड म्हणजे बाहेरच्या फोनला घरच्या नेटवर्कशी जोडणारा कुलूपबंद बोगदा (व्हीपीएन). याबाबतीत मी ठाम आहे. नेक्स्टक्लाउडचं लॉगिन पान किंवा सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. दुकानांत कॅमेरे बसवणारे सर्रास पोर्ट फॉरवर्ड करून देतात आणि पासवर्ड कंपनीचाच राहतो. २०१६ मध्ये मिराय नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने) असेच डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जोरावर याच डिनची यंत्रणा पाडली. ट्विटरसारख्या मोठ्या साइटची नावं डिनच सांभाळत होती, म्हणून त्या काही तास अडकल्या. वायरगार्डचं बरं असं की किल्ली जुळली नाही तर तो उत्तरच देत नाही. बाहेरून स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेसुद्धा कळत नाही. मावशीच्या फोनवर मावसभावाने क्यूआर कोड स्कॅन केला, तेवढंच काम.

एक युक्ती आवर्जून सांगते. पाच नावांपैकी एक नाव मी पायच्या घरातल्या पत्त्याला, म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या, कायमचं बांधून टाकलं. तो पत्ता राउटरमध्ये राखून ठेवला असल्याने बदलत नाही. घरी वायफायवर असा किंवा बाहेरून वायरगार्डवर, नेक्स्टक्लाउड एकाच नावाने उघडतं. ब्राउझरच्या सुरक्षित जोडणीसाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं प्रमाणपत्रही डीएनएसच्या पडताळणीवर मिळतं, ८० नंबरचं पोर्ट उघडावं लागत नाही. फक्त घरच्या नेटवर्कचा आकडा १९२.१६८.१ ठेवू नका. भावाच्या फ्लॅटवरही तोच आकडा, मग फोनला कळेना की पाय इथला की तिथला. मी १९२.१६८.३७ केला आणि प्रश्न मिटला.

वळवाच्या पावसात वीज गेली की काय होतं ते बघण्यासारखं आहे. वीज आली, फायबरच्या डब्याचा दिवा आधी लुकलुकतो, मग स्थिर होतो. राउटर लॉगिन करतो, नवा पत्ता घेतो. पाय उठतो, क्रॉन चालतो, नावामागचा पत्ता बदलतो. इथवर कुणाला हात लावावा लागत नाही. पण पुण्यात भावाचा फोन अजून जुन्याच पत्त्यावर माहितीची पाकिटं पाठवत असतो, कारण वायरगार्ड नावाचा पत्ता सुरू होतानाच एकदा विचारतो, नंतर नाही. फोनवर वायरगार्डचं बटण बंद करून चालू केलं की झालं. लिनक्स मशीन असेल तर वायरगार्डबरोबरच पत्ता पुन्हा विचारणारी छोटी स्क्रिप्ट मिळते, ती टायमरवर लावा. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावल्यापासून मात्र हा प्रसंगच कमी येतो.

पावसाळ्यानंतर एक दिवस बाहेरून काहीच उघडेना. डकडीएनएसच्या लॉगमध्ये दर पाच मिनिटांनी 'ओके', नावामागे पत्ताही नीट दिसतो. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे कंपनीकडून राउटरला मिळालेला, पत्ता पाहिला तर तो १०० ने सुरू झालेला, पुढचा आकडा ७०च्या घरातला. तिथेच उलगडा झाला. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला आहे. कंपनीने न सांगता आम्हाला सीजीनॅटच्या मागे टाकलं होतं, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून दिला होता. वाड्याला पत्ता एकच, आत पन्नास बिऱ्हाडं, आणि बाहेरून आलेल्या पोस्टमनला कुठलं दार वाजवायचं तेच ठाऊक नाही, अशी ही गत. डकडीएनएसला दिसत होता तो वाड्याचा पत्ता, म्हणून त्याचं 'ओके' खरंच होतं.

ग्राहक सेवेत फोन केला. "मॅडम, नेट चालू आहे ना?" यापुढे बोलणं सरकेना. शेवटी सांगितलं की स्थिर पत्ता घ्या, दरमहा वेगळे पैसे. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते संपत आले आहेत हे मान्य. आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा २०११ मध्येच शेवटच्या तुकड्यावर आला होता. पण ग्राहकाची सोय काढून घेताना एक मेसेज तरी पाठवायला हवा होता.

मी आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीकडे वळले. तिथे पायला स्वतःचा खरा पत्ता मिळतो. डकडीएनएसला तो स्क्रिप्टमधून वेगळा कळवावा लागतो, आपोआप ओळखला जात नाही. राउटरच्या फायरवॉलमध्ये त्यासाठी नियम लिहावा लागतो, आणि पत्त्याचा सुरुवातीचा अर्धा भाग बदलत असल्याने नियम पत्त्याच्या शेपटावर लिहिता येईल असा राउटर लागतो. कंपनीने दिलेल्यात ती सोय नव्हती, म्हणून स्वतःचा, ओपनडब्ल्यूआरटी या खुल्या सॉफ्टवेअरवर चालणारा घेतला. जिओच्या मोबाइल डेटावरून आता सगळं झकास चालतं. मावशीच्या घरच्या वायफायवर आयपीव्ही६ नाही, तिच्यासाठी टेलस्केल ठेवलं आहे. तेही आतून वायरगार्डच, दोन्ही बाजूंनी बाहेर जाऊन भेटणारं, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही. त्याचे पत्तेही १०० नेच सुरू होतात, म्हणून तपासणी राउटरच्या पानावरच करा, फोनवर नको.

क्लाउडफ्लेअर टनेलही, म्हणजे घरचा सर्व्हर त्या कंपनीमार्फत बाहेर दाखवणारी सेवा, चालवून पाहिलं. मांडायला सोपं आहे, पण फुकट प्लॅनवर एका वेळी १०० एमबीच्या वरचं अपलोड जात नाही, आणि लग्नाचे व्हिडिओ इमिचमध्ये चढवायचे तर ते अडतं. शिवाय माहितीचं कुलूप त्यांच्याकडे उघडतं, म्हणजे ती त्यांना वाचता येते. घरचे फोटो घरीच ठेवायचे म्हणून हा खटाटोप केला, तर ते मला पटत नाही. ब्लॉगसाठी खुशाल वापरा.

ईमेलचा सर्व्हर मात्र घरून चालवायला जाऊ नका. २५ नंबरचं पोर्ट बहुतेक ठिकाणी बंद असतं, पत्त्यावरून नाव सांगणारी उलट नोंद आपल्या हातात नसते, आणि घरगुती पत्त्यांचे पट्टे स्पॅम अडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्पॅमहाउसच्या यादीत आधीच असतात.

नवीन कनेक्शन घेत असाल तर वर्षाचे पैसे एकदम भरू नका. आधी महिन्याचं घ्या, राउटरचा वॅन पत्ता आणि बाहेरून दिसणारा पत्ता जुळतो का बघा, आयपीव्ही६ मिळतं का विचारा. दोन्हीपैकी एक जरी असलं तरी पुढचं सगळं जमतं.