गुडघेदुखीवर नेमकं काय निवडायचं? पुडी, सुया, साबुदाण्याच्या गोळ्या की व्यायाम

आमच्या आत्तीचे गुडघे दोन वर्षं दुखायलेत. जोतिबाच्या पायऱ्या बंद झाल्या, आणि घरी येणारा प्रत्येक जण एक इलाज सांगून जातोय. एक्सरेत झीज दिसली पण ऑपरेशन एवढ्यात नको म्हणाले, मग बाकीच्यातलं काय करायचं म्हणून मी महिनाभर वाचत बसले. ज्यांच्या घरी हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी एक आकडा बघा, मला तरी त्यानंच सगळं समजलं. अमेरिकेत १५८३ गुडघेदुखीच्या पेशंटवर ट्रायल झाली, २००६ ला छापून आली. काहींना ग्लुकोसामाइन (सांध्यांसाठी विकतात ती पूरक गोळी), काहींना इतर गोळ्या, काहींना औषधच नसलेली कॅप्सूल, आणि कुणाला काय मिळतंय ते पेशंटला माहीत नाही नि डॉक्टरलाही नाही. सहा महिन्यांनी त्या रिकाम्या कॅप्सूलवाल्यांतल्या ६० टक्के लोकांचं दुखणं चांगलं कमी झालेलं! ग्लुकोसामाइनवाले ६४ टक्के, म्हणजे फरक धरण्यासारखा नाही. गुडघ्याचं दुखणं मुळात चढतं-उतरतं, आणि आपण औषध शोधतो ते चढलेलं असतानाच. त्यामुळे शेजारच्या काकू "मला गुण आला" म्हणतात ते खरंच असतं, पण तो औषधानं आला का हे त्यावरून कळत नाही.

आयुर्वेदाबद्दल "काही पुरावाच नाही" म्हणणारे चुकतात. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमनं ४४० पेशंटवर नीट ट्रायल केली, २०१३ ची. सुंठ-गुळवेल असलेली औषधं ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या दुखणं कमी करणाऱ्या गोळीच्या बरोबरीची ठरली. पण त्यात रिकाम्या कॅप्सूलचा गट नव्हता, आणि ग्लुकोसामाइनचं काय झालं ते वर सांगितलंच. शिवाय आयुर्वेदिक औषधवाल्या सात जणांचा एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की वाढणारा रक्तातला आकडा) वाढला, औषध थांबवल्यावर उतरला. म्हणजे घ्यायचंच असेल तर डिग्रीवाल्या वैद्यांकडून, लेबल असलेलं, आणि मधे लिव्हरची टेस्ट करून.

बिनलेबलाच्या पुड्या मात्र अजिबात नकोत. आत्तीनं एका ठिकाणाहून आणलेली, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तपकिरी पावडर, आत काय आहे विचारलं तर "जडीबुटी" एवढंच उत्तर. चार दिवसांत दुखणं गायब, सगळे खूश, आणि महिन्याभरात तोंड सुजून गोल झालं. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या स्टेरॉइडची शंका घेतली. अशा पावडरींत स्टेरॉइड सापडल्याची प्रकरणं आपल्याकडे भरपूर आहेत, आणि ती एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, म्हणून डॉक्टरांना दाखवूनच बंद करा.

ॲक्युपंक्चरचं वाचून मी चकित झाले. जर्मनीत हजारभर पेशंट, २००६ सालची गोष्ट. खऱ्या बिंदूंवर सुया टोचल्या तर ५३ टक्के लोकांना फरक, मुद्दाम चुकीच्या जागी टोचल्या तर ५१ टक्के, आणि सुया न टोचलेल्यांत २९. म्हणजे आराम पडतोय पण बिंदूंमुळे नाही. स्वच्छ नव्या सुया असतील, पैसे असतील तर करा, माझी हरकत नाही.

होमिओपॅथीवर, म्हणजे त्या साबुदाण्याच्या गोळ्यांवर, जास्त लिहीत नाही. ३० पोटेन्सीच्या, म्हणजे तीस वेळा विरळ करत नेलेल्या औषधाच्या गोळीत मूळ पदार्थाचा एक कणही उरत नाही, आणि ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संस्थेनं २०१५ मधे १७६ अभ्यास तपासले, एकाही आजारात भरवशाचा पुरावा सापडला नाही.

राहिला व्यायाम. ब्रिटनच्या २०२२ च्या गाइडलाइनमधे व्यायाम आणि वजन कमी करणं पहिल्या नंबरला आहे, ॲक्युपंक्चर आणि ग्लुकोसामाइन देऊ नका असं त्यातच लिहिलंय. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो, तेही मोजून बघितलंय. गुण हळू येतो आणि सुरुवातीला थोडं दुखतं, म्हणून लोक आठवड्यात सोडतात.

आत्तीसाठी आम्ही हेच धरलंय. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली. संध्याकाळी रंकाळ्यावर जमेल तेवढं चालणं, दुखलं तर डॉक्टरांनी दिलेलं जेल. तीन महिने झालेत. परवा कट्ट्यावरून हात न टेकता उठली, आणि उठल्यावर स्वतःच मागं वळून कट्ट्याकडं बघत राहिली.