आप्पांची राहिलेली मेडल्स आणि कळव्याचे सुभेदार काका

रिव्ह्यू लांब आहे, ज्यांच्या घरी माजी सैनिक आहे त्यांनी पूर्ण वाचा, बाकीच्यांनी सोडला तरी चालेल. डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैनिकाला निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवेच्या नोंदींच्या पुस्तकात, मेडल नोंदवायची राहून गेली असतील तर ती नोंदवून घ्यायला मदत करणारे एक रिटायर्ड सुभेदार कळव्यात आहेत, आर्मीत क्लार्क होते, हयात रेकॉर्डच्या कागदांत गेली. दुकान म्हणाल तर तळमजल्यावरची एक खोली, एक टेबल, जुना प्रिंटर आणि बाहेर बाकडं. नाव पत्ता टाकू का विचारलं तर म्हणाले अजिबात नको, आहे तेवढीच गर्दी आवरत नाही. त्यामुळे नाव नाही, पण ठाण्यात कुठल्याही माजी सैनिकाला विचारलंत तर सांगतील.

आमची केस सांगते. आप्पा म्हणजे माझे वडील, १९८२ ची भरती, इन्फंट्री, २००६ ला हवालदार म्हणून घरी. मध्ये श्रीलंका झाली, शांतिसेनेत, म्हणजे १९८७ ते ९० चा तो काळ. डिस्चार्ज बुकात मेडलच्या रकान्यात नऊ वर्ष सेवेचं आहे, वीस वर्ष सेवेचं आहे, आणखी एकदोन आहेत, पण श्रीलंकेचं नाही आणि स्वातंत्र्याच्या पन्नास वर्षांचं पण नाही. आप्पांना स्वतःला याचं काही नव्हतं, त्यांचं म्हणणं पेन्शन वेळेवर येते ना मग तो रकाना काय खायचाय. गावाकडे युनिटच्या जुन्या लोकांचं गेट टुगेदर झालं तिथे सगळ्यांच्या छातीवर होतं आणि यांच्या नाही, तेव्हापासून मात्र जरा गप्प होते, म्हणून मीच मागे लागले.

आधी नवी मुंबईत एका एजंटकडे गेलो होतो, नाव लिहीत नाही. एसी ऑफिस, भिंतीवर तोफेचा फोटो, आणि 'कम्प्लीट पॅकेज' चा आकडा ऐकून आप्पा उठलेच. पैशापेक्षा मला खटकलं ते हे की तो माणूस म्हणत होता स्पर्शवर लॉगिन करून मेडल अपडेट करून देतो. अहो स्पर्श पेन्शनचं पोर्टल आहे, तिथे पेन्शनची माहिती, बँक, हयातीचा दाखला असलं सगळं, मेडलची नोंद ही रेकॉर्ड ऑफिसची, म्हणजे सैनिकांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या आर्मीच्या ऑफिसची गोष्ट. वरून 'रेकॉर्डला वेळ लागला तर तोपर्यंत सेट बाजारातून घेऊन माउंट करून देऊ' म्हणे. हे कृपा करून कोणी करू नका. खऱ्या मेडलच्या कडेवर नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं, जाणकार माणूस ते उलटून बघतो, आणि ज्याची नोंद नाही ते छातीवर लावून १५ ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहणं म्हणजे ज्याला हक्काचं मिळालंय त्याच्यासमोर पण शोभत नाही.

तर सुभेदार काका. आम्ही गेलो तर आधी ते मला बोललेच नाहीत, आप्पांना म्हणाले बसा हवालदार, आणि आप्पा एकदम ताठ, जी साब वगैरे, घरी सोफ्यावर लोळत टीव्ही बघणारा माणूस हाच का असं झालं मला. काकांनी डिस्चार्ज बुक घेतलं, मेडलचं पान बघितलंच नाही, आधी भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, कुठल्या बटालियनमध्ये कधी ते कधी, मध्ये सेंटरला, म्हणजे रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरला, पोस्टिंग कधी, हे एका कागदावर पेन्सिलने उतरवलं. मग बोलले, १५ ऑगस्ट १९९७ ला तुम्ही वर्दीत होतात, म्हणजे पन्नास वर्षांचं मेडल तुमचं आहेच, त्यात वाद घालायला कुणाला जागाच नाही, तो दिवस नोकरीत असला की झालं. श्रीलंकेसाठी मात्र बटालियन तिकडे कधी उतरली, कधी परत आली आणि त्यात तुम्ही स्वतः किती होतात ते बघावं लागेल, सुट्टी, कोर्स, हॉस्पिटल सगळं वजा.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्यासाठी माझ्याकडून अर्धा स्टार जास्त. मेडल हातात मिळालंच नाही, की मिळालं पण बुकात चढलं नाही, की मिळायला पाहिजे होतं पण ऑर्डरच निघाली नाही? आम्ही तोपर्यंत सगळ्याला मिळून 'राहिलं' एवढंच म्हणत होतो. काकांचं म्हणणं या तीन रोगांना तीन वेगळी औषधं आहेत आणि लोक तिन्हीला एकच अर्ज करतात म्हणून वर्षानुवर्षं पत्रं फिरत बसतात. शिपायाच्या बाबतीत जे काही घडतं, पोस्टिंग, प्रमोशन, लग्न, मुलं, मेडल, ते युनिट पार्ट टू ऑर्डरमध्ये छापतं, ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथे शीट रोलमध्ये, म्हणजे त्या सैनिकाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रात, चढते, आणि शेवटी त्यावरून डिस्चार्ज बुक भरलं जातं. या साखळीत कुठली कडी तुटली ते कळलं की अर्ज अर्ध्या पानाचा होतो. पन्नास वर्षांचं मेडल आमच्या घरी डब्यात निघालं, बटणांच्या आणि जुन्या किल्ल्यांच्या सोबत, कडेवर आप्पांचा नंबर व्यवस्थित कोरलेला. म्हणजे ते मिळालेलं, फक्त बुकात नाही. श्रीलंकेचं कधी हातातच आलं नव्हतं.

आप्पांनी हळूच कारगिलचं पण विचारून घेतलं, ९९ ला मी नोकरीत होतो साब. काकांनी पेन्सिलवाला कागद फिरवून दाखवला, त्या वर्षी तुम्ही सेंटरला इन्स्ट्रक्टर. ऑप विजय स्टार प्रत्यक्ष लढाईच्या भागातल्यांना आणि ऑप विजय मेडल त्या वेळी सीमेवर हलवलेल्यांना, सेंटरला पोरांना ड्रिल शिकवणाऱ्याला नाही, ते मागायचं नाही, एक चुकीचं मागितलं की दोन बरोबरचे पण संशयात जातात. इतकं तोंडावर सांगणारा माणूस मला आवडला. एजंटने हे पण पॅकेजमध्ये घातलं असतं.

अर्ज मी घरून लिहून नेला होता, त्यात देशसेवा, रक्त, घाम सगळं होतं. काकांनी लाल पेनने तीन चतुर्थांश उडवला. तिथला क्लार्क पण फौजीच आहे बाई, त्याला हे माहीत आहे, त्याला नंबर, तारीख आणि पान हवंय. उरलं ते एवढंच, आर्मी नंबर, रँक, नाव, बटालियन, अमुक ते अमुक तारीख श्रीलंकेत, स्पेशल सर्व्हिस मेडल श्रीलंका क्लास्पसह (क्लास्प म्हणजे मेडलच्या रिबनवरची नावाची पट्टी) नोंद नाही, सोबत कागद. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, माजी सैनिक ओळखपत्र, आधार, आणि आप्पांच्या कंपनीतल्या एका मित्राच्या बुकाचं पान जिथे तेच मेडल चढलंय. हा मित्राचा कागद पुरावा म्हणून पक्का नाही पण रेकॉर्डवाल्याला कुठे शोधायचं ते कळतं. मूळ बुक पहिल्या पत्राबरोबर पाठवायचं नाही, त्यांनी लेखी मागितलं तरच, तेही स्पीड पोस्टने आणि पूर्ण स्कॅन करून ठेवून. शीट रोलची आणि त्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागायला सोबत आरटीआय टाकला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, सही आप्पांचीच, मुलीच्या नावाने टाकला तर दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून परत येतो.

अर्ज कुठे पाठवायचा यात पण लोक घोळ घालतात. ज्याचं त्याचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं असतं, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नलचं जबलपूरला. दिल्लीला संरक्षण मंत्र्यांना पत्र लिहिलं तरी ते फिरून तिथेच येतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे पाठवता येतं, त्यांचा शिक्का असला की बरं, पण त्यांच्याकडे सर्व्हिस रेकॉर्ड नसतं हे लक्षात ठेवा, तिथे जाऊन भांडू नका.

आम्ही बसलो असताना कोपरीच्या एक आजी आल्या नातवाला घेऊन, आजोबा ७१ च्या युद्धातले, वारलेत. त्यांना वाटत होतं पश्चिमी स्टार, म्हणजे पश्चिम आघाडीवर लढलेल्यांचं मेडल, राहिलाय. काकांनी बुक बघून सांगितलं की आजोबा त्या वेळी प्रत्यक्ष मोर्चावर नव्हते, मागच्या डेपोत होते, पण डेपो पंजाबात होता म्हणून स्टारसाठी नाही तर संग्राम मेडलसाठी अर्ज करू. आजींना वाईट वाटलं असेल असं मला वाटलं तर त्या म्हणाल्या, म्हणजे एक आहे ना, मग करा. विधवा पत्नी म्हणून अर्ज त्यांच्या सहीने, मृत्यू दाखला आणि फॅमिली पेन्शनचा कागद जोडून. त्यांच्याकडून काकांनी झेरॉक्सचे पण घेतले नाहीत. आमच्याकडून टायपिंगचे शंभर घेतले, वर दिलेले परत केले.

आता निकाल. आरटीआयचं उत्तर आलं त्यात श्रीलंकेच्या मेडलची पार्ट टू ऑर्डर सापडली, युनिटने छापलेली होती, पण तोपर्यंत आप्पांची पोस्टिंग सेंटरला झालेली आणि कागद मागे राहिलेला. त्यानंतर रेकॉर्डने बुक मागवलं आणि दोन्ही नोंदी शिक्क्यासह चढवून परत पाठवलं. मधे बराच काळ शांतता होती, स्मरणपत्रं पाठवावी लागली, महिन्याभरात होईल असं धरून चालू नका. श्रीलंकेचं मेडल प्रत्यक्ष अजून आलेलं नाही, नंबर लागला की पाठवू असं पत्र आहे. पैशाचा फायदा काही नाही, शौर्यपदकाला भत्ता असतो, या सेवा मेडलना नाही, त्यासाठी कोणी जात असेल तर वेळ वाया घालवू नका. आप्पांनी तरी परतलेलं बुक दोनदा उघडून बघितलं आणि मग शेजारच्या पाटील काकांना दाखवायला घेऊन गेले, पेन्शन येते ना वाले आप्पा.

अर्धा स्टार कापलाय तो फोनसाठी, काका फोन उचलतच नाहीत, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवलेले बघत नाहीत, कागद हातात पाहिजे म्हणतात, घोडबंदरवरून कळव्याला ट्रॅफिकमध्ये जाऊन खोली बंद मिळाली की चिडायला होतं. पाचपैकी साडेचार. सकाळी दहाच्या आत जा, मूळ डिस्चार्ज बुक आणि ज्याचं आहे तो माणूस दोन्ही सोबत न्या, आणि दुपारी एक ते चार दार वाजवू नका, झोपलेले असतात आणि उठवलं तर पहिल्यांदा तुमचीच हजेरी घेतात.