मुंबई–नागपूर विमानप्रवास : तिकिटावरचा दीड तास आणि घरापासूनचे पाच

मुंबई आणि नागपूर यांमधले सरळ हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर आहे. रेल्वेने तेच 837 आणि समृद्धी महामार्गाने, म्हणजे भिवंडीजवळच्या आमणे येथून, जिथे हा महामार्ग सुरू होतो, मोजले तरी, 701 किलोमीटर भरते. कामानिमित्त या मार्गावर माझे सतत जाणेयेणे असल्यामुळे तिकिटावर छापलेल्या दीड-पावणेदोन तासांकडे मी आता थोड्या संशयानेच पाहतो.

हा वेळ विमान हवेत असण्याचा नसून एका विमानतळावरून जागचे हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतचा असतो. प्रत्यक्ष उड्डाण साधारण सव्वा तासाचे. उरलेला वेळ धावपट्टीकडे सरकत जाण्यात आणि रांगेत उभे राहण्यात जातो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते, आणि या खोळंब्याची तरतूद कंपन्या वेळापत्रकातच करून ठेवतात. त्यामुळे अर्धा तास रांगेत घालवूनही ‘आपण नियोजित वेळेआधी दहा मिनिटे पोहोचलो आहोत’ अशी अभिमानाची घोषणा ऐकायला मिळते. शिवाय नागपूर पूर्वेला असले, तरी विमान बहुतेक वेळा पश्चिमेकडे, जुहूवरून समुद्रात झेपावते आणि मग वळसा घेऊन सह्याद्री ओलांडते. सरळ अंतराच्या आकड्यात हा वळसा कुठेच नसतो.

मागच्या खेपेचा हिशेब असा : सकाळी आठच्या विमानासाठी डोंबिवलीहून पहाटे पाचला निघालो, सामान देण्याची खिडकी तासभर आधी बंद होते म्हणून सव्वासहालाच पोहोचलो, आणि नागपुरात प्रतापनगरच्या घरी चहाचा कप हातात आला तेव्हा सव्वादहा झाले होते. समृद्धीवरून गाडीने आठ तास लागतात हे खरे. पण दुरांतो एक्सप्रेस रात्री बसवून सकाळी उतरवते, आणि तो वेळ झोपेतच जातो. एकाच दिवसात काम उरकून परतायचे असेल तरच विमानाला तोड नाही. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, त्या आठवड्यांत मात्र भाडे पाहून मी निमूटपणे रेल्वेचे आरक्षण काढतो.

नागपूरचे, म्हणजे सोनेगावचे, विमानतळ आटोपशीर आहे आणि सामान लवकर मिळते, ही मोठी सोय. मेट्रोचे एअरपोर्ट स्थानक टर्मिनलला लागून नसल्यामुळे बॅगा असतील तर रिक्षाच बरी. जाताना उजवीकडची खिडकी मागावी. हवा स्वच्छ असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या आसपास जायकवाडीचे पाणी चकाकताना दिसते. लोणारचे सरोवर शोधण्याचा प्रयत्न मी दर वेळी करतो, पण ते अजून सापडलेले नाही.

परतीचा प्रवास हिवाळ्यात थोडा लांबतो, कारण विमान ज्या उंचीवरून जाते तेथे तेव्हा पश्चिमेकडून जोराचा वारा वाहत असतो. त्यात संध्याकाळचे विमान असेल, तर मुंबईत उतरण्याच्या परवानगीसाठी घिरट्या घालाव्या लागण्याची शक्यता धरूनच पुढच्या लोकलचे गणित करावे.